नालेच्या पायाची शेगडी

योरुन मूएन कुणाच्या घरात शिरली की आधी माणसांकडे बघायचीच नाही. दारात बूट काढायचे, टोपी खिशात कोंबायची, घर उबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीपाशी सरळ जायचं आणि तिच्या पाठीमागे हात घालून चाचपायचं. समाधान झालं की मग घरातल्या बाईकडे वळून म्हणायची, "हं. मागल्या वेळेबद्दल आभार. कॉफी आहे का?"

हे मागल्या वेळेचे आभार इथे सगळेच मानतात. शेवटची भेट लग्नात झालेली असो, दुकानात असो नाहीतर कुंपणावरच्या भांडणात असो, पुन्हा भेटल्यावर पहिलं वाक्य तेच. पण योरुनच्या तोंडून ते ऐकताना वाटायचं, आभार आपले नाहीत, शेगडीचे चाललेत.

मी आणि माझा नवरा त्रिग्वे लग्नानंतर किनारा सोडून ग्रेनदालच्या या खोऱ्यात आलो, कारण त्याला इथल्या लाकडाच्या गिरणीत काम मिळालं. किनाऱ्यावर आमची थंडी म्हणजे नुसता भिजका वारा. इथे दाराची लोखंडी कडी उघड्या हाताने धरली की कातडी तिथेच चिकटते. आम्ही घेतलेल्या घरातली शेगडी तडकून बाद झालेली होती. ज्याने घर विकलं तो म्हणाला, विजेचा हीटर आहे की! हे मी दुकानात सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले आणि मला फार राग आला. ऑक्टोबर संपत आला होता, मला सातवा महिना लागला होता, आणि माझ्या नवऱ्याला शेगडी हवी होती ती सुंदर.

त्रिग्वेला देखणेपणाची भारी ओढ. त्याने माझ्याशी लग्न केलं, त्यामुळे मी हे खुशाल म्हणू शकते. पेपरातल्या छोट्या जाहिरातींमध्ये त्याने एक जुनी शेगडी हेरली. बंद पडलेल्या खाणावळीतली, दोन मजली, वर मुकुट, दोन्ही अंगांवर धावणारे रेनडियर आणि दारावर मशाल धरलेली बाई.

"योरुनला बरोबर न्या," पोस्टातली बाई म्हणाली. "तिला दाखवल्याशिवाय इथे कुणी वापरलेली शेगडी घेत नाही."

"का? मला काय डोळे नाहीत?" त्रिग्वे म्हणाला.

"आहेत ना. म्हणूनच."

अशी योरुन आमच्या आयुष्यात आली. तेव्हा ती डेअरीची दुधाची गाडी चालवायची. उंच, रुंद खांद्यांची, आवाज बाप्यासारखा, अंगात वडिलांचा जुना ओव्हरकोट. कोटाच्या खिशात तंबाखूची एक चपटी डबी. तंबाखू ती ओढत नव्हती. डबीत असायची एक छोटी हातोडी, मेणबत्तीचा तुकडा आणि कागदाच्या पट्ट्या.

शेगडी विकणाऱ्याने ती गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवली होती. काळीभोर, चकचकीत. त्रिग्वे तर बघूनच पाघळला. योरुनने भोवती एक चक्कर मारली आणि नाक आक्रसलं.

"आज सकाळी पॉलिश केलंस?"

"माणसं बघायला येणार म्हटल्यावर थोडासा हात फिरवला," तो म्हणाला.

"थोडासा? मागे तर लोण्यासारखं थापलंयस."

मग तिने हातोडी काढली आणि शेगडीच्या अंगावर हलकेच वाजवायला सुरुवात केली. समोर ठण्ण. दोन्ही बाजूंना ठण्ण. पाठीला लावली तर आवाज आला थप्. शिळ्या पावावर बोट आपटावं तसा. बिडाचं ओतकाम अखंड असेल तर वाजतं, तडकलेलं असेल तर मुकं होतं, एवढं ती आम्हाला सांगेपर्यंत विकणाऱ्याचा चेहरा उतरला होता. तिने मेणबत्ती पेटवून आत ठेवली, शेगडीचं दार लावलं आणि पडवीचं दारही बंद करायला सांगितलं. अंधारात शेगडीच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत उजेडाची एक बारीक रेघ उमटली. तिला मध्येच एक फाटाही फुटला होता.

"तेवढी माती भरून बुजवता येईल," तो माणूस अंधारातून म्हणाला.

"येईल की. मग ही पोरगी बाळाला घेऊन शेजारी झोपेल आणि एखाद्या दिवशी धूर ती माती ढकलून बाहेर येईल. तेव्हा तू येशील बघायला?"

परतताना गाडीत त्रिग्वे गाल फुगवून बसला होता. शेवटी म्हणाला, "रेनडियर तरी किती छान होते."

"रेनडियर हवे तर डोंगरात जा, फुकट दिसतात," मागून योरुन म्हणाली. "शेगडी नेहमी पाठीकडून मरते, बाबा. तोंड शेवटपर्यंत छान राहतं."

आठवड्याच्या आत ती दुधाची गाडी घेऊन आमच्या दारात उभी. मागे कॅनच्या शेजारी एका शेगडीचे सुटे भाग. "माझ्या भावाच्या कोठारात पडली होती," ती म्हणाली. "अडगळ गेली म्हणून खूश आहे तो. त्याला काही द्यायचं नाही. मला कॉफी द्या."

जोडून उभी केल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. बुटकी, पोट सुटलेली, अंगावर नक्षी म्हणून एक रेघसुद्धा नाही, रंग गंजाचा. पाय तेवढे सिंहाच्या पंज्यांचे, तेही तीनच. चौथा कधीतरी तुटला असणार. त्या जागी कुण्या लोहाराने घोड्याची एक नाल जोडून दिली होती.

"ही शेगडी आहे की डुकरीण?" त्रिग्वे म्हणाला.

मला वाटलं, आता ही बाई चिडणार. पण ती खदखदून हसली. "डुकरीण म्हण! हिवाळ्यात कळेल कोण कुणाला पोसतं ते." मग तिने सांधे बुजवले, दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि फट राहते का बघायला पट्टी ओढली. निघाली नाही. वरवरचा गंज काही वाईट नाही, ब्रशने निघेल, म्हणाली. पहिले काही दिवस जाळ लहान ठेवा, बिडाला घाई सोसत नाही. आणि कॉफी पिऊन निघून गेली.

माझी लिव्ह जानेवारीत जन्मली. फेब्रुवारीत असं वादळ झालं की खोऱ्यातले विजेचे खांब काडीसारखे मोडले. हीटर गेला, दिवे गेले, रस्ता गेला. दोन्ही शेजारची माणसं पोराबाळांसकट आमच्या एका खोलीत येऊन राहिली, कारण त्यांच्या घरात वीज सोडून दुसरं काही नव्हतं. खिडकीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या आणि डुकरिणीशेजारच्या पाळण्यात माझी पाच आठवड्यांची मुलगी गाल लाल करून झोपली होती. मी गुडघ्यावर बसून लाकडं घालत होते आणि दर वेळी मनात योरुनचं नाव घेत होते. उगाच चढवून सांगत नाही. ती रेनडियरवाली शेगडी आम्ही आणली असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही. अर्ध्यावर सोडून देते.

रस्ता सुरू झाल्यावर मी तिच्यासाठी एक शाल विणली. जाड, उबदार, माझ्या आईच्या पद्धतीची. घेऊन गेले, दारातच दिली. ती म्हणाली, छान आहे. दुसऱ्या दिवशी शाल घडी करून परत आणली. मध्ये तपकिरी चीजचा एक मोठा तुकडा गुंडाळलेला.

"उसन्याबद्दल आभार," ती म्हणाली.

"अगं, उसनी कुठे? दिली होती मी."

"उसन्याबद्दल आभार," ती पुन्हा म्हणाली आणि शाल माझ्या हातात ठेवली.

पोस्टातल्या बाईने मला नंतर समजावलं. या खोऱ्यात हे शब्द कुणी उच्चारले की वस्तू घरात घ्यावीच लागते. नको म्हणणं म्हणजे समोरच्याला कायम देणेकरी ठेवणं, आणि तो इथे मोठा अपमान. वर परत आणलेली वस्तू रिकामी आणायची नाही, आत काहीतरी घालूनच द्यायची. योरुनने ही रीत ढालीसारखी वापरली होती. लोकांनी दिलेले मोजे, मुरंब्याच्या बरण्या, सशाच्या कातड्याची टोपी, सगळं ती उसनं ठरवून परत करत आलेली. घ्यायची ती फक्त कॉफी.

"अशी कशी गं तू?" मी एकदा विचारलंच.

"कशी?"

"हट्टी. कुणाचं काही घेत नाहीस."

"घेते की. तुझी कॉफी घेते, ती काय कमी पाणचट आहे?"

तिने लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, आईला तिने शेवटपर्यंत सांभाळलं. दुधाची गाडी चालवता चालवता खोऱ्यातल्या प्रत्येक घराचं दार तिला उघडं झालं आणि प्रत्येक घरातली शेगडी तोंडपाठ झाली. कुणाची जाळी बदलायला आलीय, कुणाच्या दाराची बिजागरी ढिली आहे, सगळं तिला ठाऊक. लोकांना ती भरपूर शिव्या घालायची. ओली लाकडं जाळणाऱ्यांना तर नावानिशी, दुकानात, सगळ्यांसमोर. तिच्या शिव्या खाऊन या खोऱ्यात आजवर किती पोरं उबेत वाढली असतील, मला सांगता येणार नाही.

वर्षं गेली. लिव्ह शाळेत जायला लागली, योरुन निवृत्त झाली, दुधाची गाडी दुसऱ्याकडे गेली. मग ती आमच्याकडे जरा जास्तच यायला लागली. हिवाळ्यात तर एक दिवसाआड. आली की खुर्ची ओढून डुकरिणीकडे पाठ करून बसायची आणि कॉफी संपली तरी उठायची नाही. "कंबर धरलीय," म्हणायची. मला तिचं बसणं आवडायचं. लिव्हला ती तवे-पातेली वाजवून बघायला शिकवायची आणि दोघी मिळून माझं स्वयंपाकघर डोक्यावर घ्यायच्या.

अशाच एका शरद ऋतूत धुराडी साफ करणारा ओड्वार आमच्याकडे आला. काम झाल्यावर काळ्या हातात कप धरून ओट्यावर टेकला. गप्पिष्ट माणूस.

"तुमचं धुराडं बरं आहे," तो म्हणाला. "पण सगळ्यात सोपं काम योरुनकडचं. ब्रश घातला तसाच बाहेर येतो. मागच्या वर्षी तेच, यंदाही तेच. चिमूटभर काजळी नाही."

बोलून तो हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं आणि कप हातात तसाच राहिला. मीही भांडं घासायची थांबले.

"लाकूड फार कोरडं वापरत असेल," मी म्हणाले.

"सिग्ने, कितीही कोरडं असो. जाळ झाला की काजळी होतेच."

"म्हणजे तिच्याकडे जाळच होत नाही?"

त्याने कप खाली ठेवला. मी म्हणाले, "मग तिला सांगायला हवं, भावाकडून दुसरी एखादी शेगडी आण म्हणून. आमची नव्हती का आणली?"

"भाऊ?" ओड्वारने माझ्याकडे बघितलं. "कुणाचा भाऊ? मूएनांच्या घरात ती एकटीच पोर. मी तिच्याबरोबर शाळेत होतो."

मी हात पुसले, सकाळी भाजलेले गोड वाफल रुमालात बांधले आणि निघाले. योरुनने दार अर्धवट उघडलं. अंगात कोट होता.

"आत नको येऊस, पसारा आहे."

"मी काय पसारा बघितला नाही कधी?" मी म्हणाले आणि तिच्या हाताखालून आत शिरले.

तिची खाट स्वयंपाकघरात आणलेली होती. खाटेशेजारी विजेचा एक छोटा हीटर गुणगुणत होता. कोपऱ्यातल्या शेगडीवर फुलांची कुंडी ठेवलेली. शेगडीवर कुंडी! योरुनच्या घरात! मी जाऊन तिच्या पाठीमागे हात घातला. तिनेच शिकवलं होतं. बोट सहज आत जाईल एवढी भेग होती.

"बटाट्याचं पातेलं कलंडलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तापलेल्या बिडावर गार पाणी. जन्मभर लोकांना सांगत आले, असं करू नका. आणि स्वतः केलं."

"कधी?"

"झाले दोन हिवाळे."

"मग दुसरी का नाही आणलीस?"

"बघतेय. मनासारखी मिळत नाही."

"आम्हाला आठवड्यात मिळाली होती."

"तुमचं बाळ होणार होतं. मला काय घाई? हीटर चांगला आहे. वय झालं की माणूस जरा आधुनिक होतो."

मी हसले, कारण नाहीतर रडले असते. कप आणते म्हणून पुढच्या खोलीत गेले. ती खोली बंदच असायची. धुराड्याच्या भिंतीला धुराच्या नळीचं भोक होतं, त्यावर पत्र्याची झाकणी. खाली जमिनीवर दगडी फरशी, वर काही नाही. नुसत्या खुणा. शेगडी वर्षानुवर्षं एका जागी राहिली की तिचे पाय दगडावर उमटतात. तीन खुणा पंज्यांच्या होत्या. चौथी नालेची.

मी वाकून त्या नालेच्या खुणेवरून बोट फिरवलं. तिची एक शेगडी स्वयंपाकघरात धडधाकट जळत होती, म्हणून दुसरी तिने आम्हाला उचलून दिली. ओळख ना पाळख अशा किनाऱ्यावरच्या दोन माणसांना. आणि आम्ही नको म्हणू नये म्हणून एक भाऊ जन्माला घातला. मग स्वतःची तडकली, तर परत मागायला तोंड नाही. दोन हिवाळे कोटात बसून काढले आणि आमच्याकडे येऊन स्वतःच्याच शेगडीला पाठ शेकत राहिली. आणि आम्हाला, गावात कुणालाच, शंका आली नाही. सगळ्यांच्या शेगड्या जी बघते तिची कोण बघणार?

मी कप घेऊन बाहेर आले. तिच्यासमोर वाफलांचा रुमाल सोडला.

घरी त्रिग्वेला सांगितलं. तो उठून डुकरिणीपाशी गेला, खाली वाकून त्या नालेच्या पायाकडे बघत बसला. "उद्याच नेऊन देतो," तो म्हणाला.

"घेणार नाही ती."

"का नाही घेणार? तिचीच आहे."

"आपल्याला थंडीत ठेवून घेईल? आधी आपल्याकडे दुसरी यायला हवी. आणि ती तिनेच पास केलेली हवी, नाहीतर 'यांनी माझ्यासाठी भंगार घरात घातलं' म्हणत आयुष्यभर कुढेल."

मग माझ्या नवऱ्याला पुन्हा एकदा देखणी शेगडी घ्यायची हुक्की आली. या खेपेला नाटक होतं, पण त्याला फारसं करावं लागलं नाही. नदीपलीकडच्या एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथे होती ती. उंच, सडपातळ, दारावर दोन पक्षी समोरासमोर बसलेले, मध्ये फळांनी लगडलेली फांदी. योरुनला नेलं. तिने चक्कर मारली, वास घेतला. पॉलिश नव्हतं, धूळ होती. हातोडी वाजवली. समोर ठण्ण, बाजूंना ठण्ण, पाठीला ठण्ण. मेणबत्ती आत ठेवली, खिडकीवर गोधडी टाकली. कुठे रेघ नाही. कागदाची पट्टी फाटली, पण दारातून निघाली नाही.

"तोंडही चांगलं, पाठही चांगली," ती जरा नाराजीनेच म्हणाली. "असं फार नसतं. घ्या." आणि एका पक्ष्याच्या पंखावरून तिने अंगठा फिरवला. "पण तुम्हाला कशाला हवी? डुकरिणीचं काय वाईट झालंय?"

"कंटाळा आला तिच्या थोबाडाचा," त्रिग्वे जमिनीकडे बघत म्हणाला. माझा नवरा नाटकात कधी चमकला नसता. "भंगारात देऊन टाकेन."

योरुनने मेणबत्ती विझवली. हातोडी डबीत ठेवली, पण झाकण बसेना. दोनदा दाबून बघितलं.

"भंगारात," ती म्हणाली. "त्या शेगडीत तुझ्या नातवंडांना पुरेल एवढा दम आहे अजून."

"मग कुणाला हवी असेल तर बघ ना," मी म्हणाले. "आहे का कुणी तुझ्या माहितीत?"

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एकच शब्द हवा होता. मला. एवढंच म्हण गं बाई. पण इथली माणसं बर्फात गळ्यापर्यंत रुतली तरी 'तुम्हाला सवड असेल तर' अशी सुरुवात करतात. योरुनला तेवढंही जमत नव्हतं. ती पक्ष्यांकडे बघत राहिली.

"विचारते कुणाला तरी," ती म्हणाली आणि टोपी घालून बाहेर पडली.

पक्ष्यांची शेगडी आम्ही बसवली. डुकरीण सुटी केली. त्रिग्वे पॉलिशचा डबा घेऊन आला तेव्हा मी त्याच्या हातावर चापट मारली. "पॉलिश बघितलं की ती आधी पाठ तपासेल!" मग नुसतं ब्रशने झाडलं. ओड्वारने त्याच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर आणला. पहिलं कडक दहिवर पडलं होतं, गवत पायाखाली कुरकुरत होतं. योरुन आवाज ऐकून पायरीवर आली.

"हे काय?"

मी खाली उतरले, तिच्यासमोर उभी राहिले आणि मनात घोकत आले होते ते म्हणाले.

"उसन्याबद्दल आभार."

ती पायरीवर एक पाऊल मागे सरली. "ती माझी नाही. माझ्या भावाची..."

"हो, त्यालाच द्यायची आहे," पाठीचा बिडाचा पत्रा धरून ओड्वार धापा टाकत म्हणाला. "आहे का घरात? जड आहे गं हे, त्याला म्हणावं एक हात लाव."

योरुन माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता दार लावून घेणार. त्या दोन शब्दांपलीकडे माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"सिग्ने," ती म्हणाली, "हे शब्द तुला मी शिकवले."

"हो. नीट शिकवलेस."

ती दारातून बाजूला झाली.

पुढच्या खोलीत तीन पंजे तीन खुणांवर बसले आणि नाल नालेवर. योरुन हात मागे बांधून उभी होती, मध्येच खेकसत होती, असं नाही, तसं धर, सांधा बघ. नळी बसली. सवयीने ती पुढे झाली आणि शेगडीच्या पाठीमागे हात घालून चाचपलं. मग दार उघडलं. आत बर्चच्या सालीचे तुकडे, त्यावर बारीक काटक्या, त्यावर कोरडी फोडलेली लाकडं, सगळं रचून तयार. वर काड्यापेटी.

"रिकामी आणायची नसते," मी म्हणाले.

ती गुडघ्यावर बसली. पहिली काडी विझली, दुसरीही. ती काड्यांना शिव्या देत होती. तिसरीने साल पेटली. आम्ही चौघं तो जाळ बघत होतो. त्रिग्वे नाक ओढत होता, ओड्वार खिडकीबाहेर काहीतरी शोधत होता. योरुनने खुर्ची ओढली, आणि पहिल्यांदाच मी तिला शेगडीकडे पाठ न करता बसलेली बघितली.

"एवढी काही कुरूप नाही ही," ती म्हणाली.

रविवारी ती आमच्याकडे आली. दारात बूट काढले, टोपी खिशात कोंबली. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. आता ती जाऊन पक्ष्यांच्या शेगडीची पाठ चाचपणार म्हणून मी मान वळवली नाही. पावलं माझ्या मागेच येऊन थांबली. मी वळले तर ती समोर उभी, ओव्हरकोटात, चेहरा लाल झालेला, आणि तिने माझे पिठाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"मागल्या वेळेबद्दल आभार," योरुन म्हणाली.

कॉफी मागायचीसुद्धा त्या दिवशी ती विसरली.